चार वर्षांतून एकदा जागणारं फुटबॉलप्रेम : याला प्रेम म्हणायचं का?

कवडसा

8 जून 1990. मी नऊ वर्षांचा होतो. बाबांना खेळाचं फारसं वेड नव्हतं, पण विश्वविजेता अर्जेंटिनाचा संघ खेळणार असल्याचं पेपरात वाचून त्यांनी टीव्ही लावला. एका बाजूला आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट. दुसऱ्या बाजूला हिरवे शर्ट, लाल चड्ड्या आणि पिवळे मोजे. मी विचारलं, "हे हिरवे कोण?" बाबा म्हणाले, "कॅमेरून." "जिंकतील?" "नाही रे, समोर मॅराडोना आहे."

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. कॅमेरूनच्या काना-बियिकला पंचांनी लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. दहा जण उरले. आणि सहा मिनिटांनी त्याच्याच सख्ख्या भावाने, ओमाम-बियिकने, हवेत झेप घेऊन हेडर मारला. तो इतका वर गेला की खाली यायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय असं मला वाटलं. चेंडूत जोर नव्हता, पण गोलकीपरच्या हातांखालून आत गेला. शेवटी मासिंगने कॅनिजियाला असं काही आडवं केलं की त्याचा स्वतःचाच बूट उडाला. त्यालाही लाल कार्ड. नऊ जण उरले, तरी 1-0 ने जिंकले. सामना संपल्यावर बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. बाबांचं चुकू शकतं हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं, आणि त्यांनाही त्याचा आनंदच झाला होता.

मग महिनाभर मी कॅमेरूनचा. 38 वर्षांचा रॉजर मिला शेवटी शेवटी मैदानात यायचा, गोल करायचा आणि कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ जाऊन नाचायचा. त्याचे चार गोल झाले. उपउपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध 2-1 अशी आघाडी होती. मग लिनेकरच्या दोन पेनल्ट्या, 3-2, खेळ खलास. मी उशीत तोंड खुपसून रडलो.

त्यानंतर चार वर्षं काहीच नाही. 1994 ला पुन्हा तसाच महिना, पुन्हा चार वर्षं शांतता. आजवर असंच चाललंय. कोणता खेळाडू कोणत्या क्लबात आहे, लीगमध्ये कोण पहिलं आहे, यातलं मला काही ठाऊक नसतं. परवा एक मित्र म्हणाला, "तू चाहता नाहीस, तू पाहुणा आहेस." हा शब्द मला लागला. नऊ वर्षांचा असल्यापासून जे मनात आहे, ते तुकड्या-तुकड्यांनी आलं म्हणून खोटं ठरतं का? तुमचं आणि फुटबॉलचं कसं जमलं, कधी जमलं, मधेच तुटलं का, लिहा ना. मोठं लिहिलंत तरी चालेल.

---

अकरावा_गडी

पाहुणा तर पाहुणा! चार वर्षांनी येणाऱ्या पाहुण्याची सगळे वाट बघतात. रोज येणाऱ्याला कोण विचारतंय?

बाकी कॅमेरूनच्या सामन्याचं वर्णन वाचून काटा आला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

---

उल्का

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका कवडसा.

विश्वचषक म्हणजे जास्तीत जास्त सात-आठ सामने. देशाचा संघ वर्षातून मोजके दिवस एकत्र असतो. खरा खेळ क्लबचा. तिथे तीच माणसं वर्षभर रोज एकत्र सराव करतात, लीगमध्ये 38 सामने खेळतात. एखादा उजव्या बगलेचा पोरगा पहिल्या वर्षी घाबरत घाबरत चेंडू मागे देतो आणि तिसऱ्या वर्षी तोच पुढे घुसून क्रॉस टाकायला लागतो, हे महिनाभरात दिसत नाही. त्यासाठी कंटाळवाणे 0-0 सामनेही बघावे लागतात.

मी लिव्हरपूल क्लबची. 25 मे 2005 च्या रात्री झाले. इस्तंबूलला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, मध्यंतराला मिलान 3-0 ने पुढे. दादा म्हणाला, "चल झोप, उद्या उठायचंय." मी म्हटलं, दहा मिनिटं थांब. जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो. सहा मिनिटांत तीन गोल! मग पेनल्ट्या, आमचा गोलकीपर दुदेकचे ते हलणारे पाय, आणि चषक. दादा त्याआधीच झोपायला गेला होता. मी त्याला उठवायला गेले, तर तो अंधारात डोळे उघडे ठेवून शेजारच्या घरातला आरडाओरडा ऐकत पडला होता.

त्यानंतर लीग जिंकायची वाट बघितली. 2014 मध्ये अगदी हाताशी आलेली असताना जेरार्डचा पाय घसरला आणि ती गेली. 2020 मध्ये, तीस वर्षांनी, लीग मिळाली तेव्हा स्टेडियम रिकामं होतं. ही वाट बघण्यातच माझं प्रेम आहे असं मला वाटतं. जो फक्त मेजवानीला येतो, त्याला ही वाट कशी कळणार? तुम्हाला कमी लेखत नाहीये, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणू शकत नाही.

---

नाममात्र

मी संघ निवडला तो शर्टावरून. 1998 ला क्रोएशियाचे लाल-पांढरे चौकोन बघितले आणि ठरवलं, हेच आपले. पहिल्यांदाच विश्वचषकात आलेला, सुमारे 45 लाख वस्तीचा देश. जर्मनीला 3-0 हरवलं, तिसरा क्रमांक मिळवला, आणि शूकरने सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा सोनेरी बूट नेला. मग 2018 ला अंतिम फेरी, 2022 ला पुन्हा तिसरा क्रमांक. कपड्यावरून केलेली निवड इतकी टिकाऊ निघेल असं वाटलं नव्हतं.

---

जुनाट_रेडिओ

वा, छान धागा. आमच्या पिढीचं थोडं लिहितो.

आमचं फुटबॉल आधी कागदावर होतं. 1982 साली ब्राझील-इटली सामन्याची बातमी पेपरात वाचली. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ ही नावं तोंडपाठ होती, पण त्यांना पळताना कधी बघितलं नव्हतं. ब्राझीलला बरोबरीसुद्धा पुरली असती. पावलो रोस्सीने तीन गोल घातले, 3-2. एक फोटो होता, त्यात जाळ्यात अडकलेला चेंडू दिसत होता. मी तो फोटो कापून वहीत चिकटवला आणि तो चेंडू कुठून आला असेल, कोणाच्या पायातून सुटला असेल, याचे मनातल्या मनात शंभर प्रकार रचले. पुढे कित्येक वर्षांनी तो गोल प्रत्यक्ष पाहिला तेव्हा माझ्या शंभरांपैकी एकही खरा नव्हता!

मग 22 जून 1986. अझ्तेका स्टेडियम. अर्जेंटिना-इंग्लंड मी आणि माझ्या थोरल्या भावाने एकत्र बघितला. मॅराडोनाचा पहिला गोल हाताने. पंचांना दिसलं नाही. भाऊ चिडून लाल. चारच मिनिटांनी तो माणूस स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला, एकामागून एक गडी चकवले, शेवटी गोलकीपरलाही वळसा. भाऊ हळूहळू उठून उभा राहिला, अगदी नकळत, देवळात उभं राहावं तसा. गोल झाल्यावर काही न बोलता खाली बसला.

आमचा वाद मात्र पुढची तीस वर्षं चालला. तो म्हणायचा, पहिल्या गोलाचं पाप दुसऱ्याने धुऊन निघत नाही. मी म्हणायचो, धुवायचं कशाला, दोन्ही एकाच माणसाचे आहेत, दोन्ही घ्यायचे. भाऊ आता नाही. 25 नोव्हेंबर 2020 ला मॅराडोना गेल्याची बातमी आली, तेव्हा माझा हात आपोआप फोनकडे गेला होता.

उल्का, तुमचं म्हणणं पटतं, पण आमच्याकडे क्लबचे सामने दिसायचेच नाहीत हो. जेवढं दिसलं तेवढ्यावरच जीव लावला.

---

उल्का

काका, भावाचं वाचून गलबलून आलं. आणि हो, जेवढं दिसलं तेवढ्यावर जीव लावला, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

पाऊलवाट

एक शंका विचारू का? इतकी वर्षं बघतेय, तरी ऑफसाइडला माझा गोंधळ उडतोच. कुणीतरी एकदा नीट सांगा. घरात विचारलं की सगळे एकदम बोलायला लागतात.

---

अकरावा_गडी

पाऊलवाट, आता बघा, धागा इथून तीन पानं ऑफसाइडवर जाणार :)

---

शिट्टीवाला

तीन पानं नाही, पण थोडी जागा घेतो. मी मुलांच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहतो, त्यामुळे हा प्रश्न दर रविवारी ऐकतो.

सोपं करून सांगतो. तुमच्या गड्याने चेंडू पुढे दिला, त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या भागात आहात का? चेंडूच्या पुढे आहात का? आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढे आहात का? तिन्हींचं उत्तर हो असेल आणि तुम्ही खेळात भाग घेतलात, तर ऑफसाइड. शेवटून दुसरा म्हणायचं कारण, सहसा शेवटचा गोलकीपर असतो. चेंडू तुमच्याकडे पोहोचला तेव्हा तुम्ही कुठे होतात याला काही अर्थ नाही. सगळे तिथेच फसतात, कारण आपण चेंडूच्या मागे नजर नेतो. लाइनवरच्या पंचाला मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी बघावं लागतं, लाथ मारणारा पाय आणि चाळीस मीटरवरचा पळणारा गडी. मी स्वतः अनेकदा पायाचा आवाज ऐकून ठरवतो. डोळे बचावाच्या रांगेवर आणि कान चेंडूवर.

1925 पर्यंत दोनाऐवजी तीन गडी लागायचे. नियम बदलल्याबरोबर गोलांचा पाऊस पडला. आणि शेवटून दुसऱ्याच्या अगदी बरोबरीत असलेला गडी ऑनसाइड, हे 1990 पासून. म्हणजे कवडसा यांचं वेड आणि हा नियम एकाच वयाचे.

कार्डांचंही सांगतो, कारण ते मला फार आवडतं. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात भाषेचा घोळ झाला. कोणाला ताकीद मिळाली, कोणाला बाहेर काढलं, कोणालाच कळेना. केन ॲस्टन नावाचे इंग्रज रेफरी गाडीने घरी जाताना सिग्नलला थांबले, आणि तिथे त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. 1970 च्या विश्वचषकात कार्डं आली. त्या स्पर्धेत लाल एकदाही निघालं नाही.

आता मूळ प्रश्न. मुलांच्या सामन्यात गोल झाला की मी शिट्टी मारायच्या आधी गोल करणाऱ्याकडे बघतो. दहातली नऊ मुलं आधी मैदानाबाहेर बघतात. आईकडे, बाबांकडे, आजोबांकडे. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांना ऑफसाइड कळत नाही. पण ते मूल ज्याच्याकडे बघतं, त्याला पाहुणा म्हणायची माझी हिंमत नाही.

---

पाऊलवाट

कळलं! "त्या क्षणी" हेच माझं राहत होतं. मनापासून आभार.

---

मुक्काम_पोस्ट

मी गोलकीपर. शाळेत कोणालाच गोलमध्ये उभं राहायचं नसायचं आणि मला तेच हवं असायचं. 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच, आणि मध्ये मी. पेनल्टीला 11 मीटरवरून मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. बघून उडी मारायला वेळच नसतो, त्यामुळे आधीच ठरवावं लागतं. मारणाऱ्याचा जमिनीवरचा पाय कुठे वळलाय ते बघायचं आणि स्वतःला झोकून द्यायचं.

1992 ला नियम बदलला. आपल्याच गड्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. 1990 च्या स्पर्धेत बचाववाले चेंडू मागे देऊन किती वेळ काढायचे ते आठवत असेल. आमच्यापर्यंत हा नियम पोहोचायला वर्ष गेलं. एका सामन्यात मी नेहमीसारखा चेंडू उचलला आणि पंचांनी शिट्टी मारली. आमच्या अख्ख्या संघाने भांडण काढलं. मला वाटलं होतं, माझ्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. नंतर मात्र पायाने खेळायला शिकलो आणि मैदान एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

पण मला लिहायचंय ते 1994 बद्दल. पासाडेना, ब्राझील-इटली, 0-0, पेनल्ट्या. रॉबर्टो बाज्जोने चेंडू आडव्या खांबावरून वर मारला. सगळं जग म्हणतं, बाज्जोने विश्वचषक घालवला. त्याच्याआधी बारेसी आणि मासारो चुकले होते, हे कोणी बोलत नाही. आणि इटली अंतिम फेरीत आलीच कशी? नायजेरियाविरुद्ध बाज्जोचे दोन, स्पेनविरुद्ध विजयी गोल त्याचा, बल्गेरियाविरुद्ध दोन. सगळा भार वाहून आणणाऱ्याच्याच डोक्यावर शेवटी तो दगड पडला.

मी ब्राझीलच्या बाजूचा होतो, म्हणजे उड्या मारायला हव्या होत्या. आई मागे उभी होती. तिने आयुष्यात तेवढाच सामना बघितला, तोही शेवटची दहा मिनिटं. तो कमरेवर हात ठेवून मान खाली घालून उभा होता, आणि आई म्हणाली, "अरे, त्याला कोणीतरी जवळ घ्या ना." मी उड्या मारल्या नाहीत. उल्का म्हणतात तसे 38 सामने बघूनही काही जणांना जे दिसत नाही, ते आईला दहा मिनिटांत दिसलं होतं.

---

नाममात्र

मुक्काम_पोस्ट, जिंकलात.

---

टिटवी

मी वाचतच होते, आता राहवत नाही.

इथे सगळे बघण्याबद्दल बोलताय. मी बघत नाही फारसं, मी खेळते. बारा वर्षांची होईपर्यंत मुलांबरोबर खेळायचे. डाव्या पायाची, त्यामुळे डाव्या बगलेला माझी जागा ठरलेली असायची. मग शाळेचा संघ निवडताना खेळाच्या सरांनी माझं नाव वगळलं. मुलांचा संघ आहे, मुलींचा नाही, असं सरळ सांगितलं. वाईट मनाने नव्हे, नियम वाचून दाखवावा तसं. माझ्यापेक्षा हळू पळणारा मुलगा माझ्या जागी गेला. त्यानंतर वीस वर्षं मी चेंडूला पाय लावला नाही. टीव्हीवर सामना लागला की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. घरचे समजायचे हिला आवडत नाही.

हे माझ्या एकटीचं नाही हे फार उशिरा कळलं. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या कामगार बायकांच्या संघाचा सामना बघायला सुमारे 53,000 माणसं आली होती. उल्का, तुमच्याच गावात, फक्त पलीकडच्या क्लबच्या मैदानावर! वर्षही पुरं झालं नाही, आणि डिसेंबर 1921 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांचे सामने होऊ देऊ नका म्हणून सांगितलं. हा खेळ बायकांना योग्य नाही, असं कारण दिलं. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. बघायला कोणी येत नव्हतं म्हणून तो खेळ बसला नाही, येत होते म्हणून बसवला गेला. मला अजून राग येतो.

2011 च्या जुलैमध्ये मुलीला ताप होता म्हणून रात्री जागी होते, टीव्ही लावला. महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत, जपान-अमेरिका. जपानमधल्या भूकंपाला आणि त्सुनामीला चार महिने झाले होते. जपान दोनदा मागे पडलं, दोनदा बरोबरीत आलं. दुसऱ्यांदा 117 व्या मिनिटाला, कॉर्नरवरून, होमारे सावाने धावत येऊन पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू असा काही वळवला की मी ओरडलेच. पुढे पेनल्ट्यांवर जपान जिंकलं. मुलगी जागी झाली, ताप उतरला होता. मी तिला म्हटलं, उद्या आपण चेंडू आणू.

आता रविवारी सकाळी आम्ही दहा-बाराजणी पाच-पाचचे संघ करून खेळतो. कवडसा, माझ्या नात्यात तर वीस वर्षांचा खड्डा आहे. तुमची चार-चार वर्षं काय घेऊन बसलात?

---

उल्का

टिटवी, गुडिसनचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या शहराच्या क्लबमागे आहे, प्रत्येक हंगामाचा प्रशिक्षक तोंडपाठ आहे, आणि हे माहीत नव्हतं. रात्री बसून वाचणार आहे.

---

अकरावा_गडी

टिटवी ताई, तुमच्या रविवारच्या खेळाबद्दल वेगळा धागा काढा ना. डाव्या बगलेला आता कोण असतं?

---

टिटवी

मीच! ती जागा सोडत नाही :) मुलगी गोलमध्ये असते.

---

मुक्काम_पोस्ट

मुलीला माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, मारणाऱ्याच्या जमिनीवरच्या पायाकडे बघ.

---

नाममात्र

धाग्यापासून जरा बाजूला जातोय. शिट्टीवाला, व्हीएआरबद्दल, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासण्याबद्दल, तुमचं मत काय? माझा तर गोल झाल्यावरचा आनंदच गेला. गोल होतो आणि आपण श्वास रोखून पंचांच्या कानाकडे बघत बसतो.

---

शिट्टीवाला

दुखरी जागा आहे. 2010 मध्ये जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा चेंडू आडव्या खांबाला लागून रेषेच्या चांगला आत पडला होता. सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं, फक्त पंचांना दिसलं नाही. 2014 च्या विश्वचषकात गोलरेषेचं तंत्रज्ञान आलं, ते मला शंभर टक्के मान्य आहे. चेंडू आत गेला की नाही, याला मताची गरज नाही. पण हाताला लागला तो मुद्दाम की नकळत, धक्का होता की नुसता स्पर्श, हे पडद्यावर संथ गतीने बघितलं की प्रत्येक स्पर्श गुन्हा वाटायला लागतो. त्यामुळे रेषांसाठी यंत्र हवं आणि हेतूसाठी माणूस, असं माझं मत.

---

उल्का

हेतूच्या बाबतीत असहमत. उरुग्वेच्या सुआरेझने 2010 मध्ये घानाचा गोल रेषेवर हाताने अडवला, पंचांनी बरोबर बघितलं, लाल कार्ड दिलं, पेनल्टी दिली, सगळं नियमाने. आणि ग्यानने पेनल्टी आडव्या खांबावर मारली. आफ्रिकेचा संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत जाता जाता राहिला. तेव्हा नियम पाळला गेला तरी न्याय झाला का? मला अजून ठरवता येत नाही.

---

जुनाट_रेडिओ

त्या रात्री भाऊ होता. तो म्हणाला होता, "बघ, पुन्हा हात." आमचा वाद पुन्हा नव्याने सुरू झाला होता.

---

पाऊलवाट

ऑफसाइड समजलं या आनंदात आता माझंही लिहिते.

12 जून 2021. चॅनल बदलताना डेन्मार्क-फिनलंड सामना लागला. पहिला डाव संपत आला होता. एक खेळाडू कोणाचा धक्का न लागता, पळता पळता कोसळला. क्रिश्चन एरिक्सन. हे नाव मी तोवर ऐकलेलंही नव्हतं. त्यांचा कर्णधार क्येअर धावत त्याच्यापाशी गेला. मग सगळे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, पाठ आत आणि तोंड बाहेर, म्हणजे कॅमेऱ्याला काही दिसू नये. काही जण रडत होते, पण कड्यातून कोणी हललं नाही. मी उभी होते ती तशीच उभी राहिले.

तो शुद्धीवर आलाय असं कळेपर्यंत मी घरातलं एकही काम केलं नाही. कोण कुठला माणूस! पण तेव्हापासून मी त्याचं नाव शोधते. बाकीचं काही वाचत नाही, फक्त एरिक्सन खेळला का, एवढंच. तो पुन्हा मैदानात उतरला, आणि 2024 च्या युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने गोल केला. तो गोल मी एकटीने बघितला आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मी फुटबॉलची चाहती आहे की नाही मला माहीत नाही. एका माणसाचा जीव वाचला ती बातमी मी अजून वाचतेय, एवढंच.

---

शिट्टीवाला

त्या घटनेनंतर आमच्या मुलांच्या स्पर्धेआधी सगळ्या पंचांना छाती कशी दाबायची याचं प्रशिक्षण दिलं. मीही घेतलं. तुम्ही लिहिलंत म्हणून सांगितलं.

---

कवडसा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस हे सगळं पुन्हा पुन्हा वाचतोय. उल्का, तुमचा राग अजिबात नाही. वाट बघणं हेच प्रेम, हे तुमचं वाक्य मनात राहिलं, कारण चार वर्षं मी काहीच करत नाही असं मला वाटत होतं, आणि आता वाटतंय की मीही वाटच बघत होतो.

एक गोष्ट मूळ लेखात लिहायची राहिली. 18 डिसेंबर 2022 ची अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम लढत मी बाबांबरोबर बघितली. बाबा आता थकलेत, रात्रीचं लवकर झोपतात, पण त्या दिवशी बसले. अर्जेंटिना 2-0 ने पुढे, फक्त दहा मिनिटं उरलेली. बाबांनी विचारलं, "संपलं ना?" मी म्हटलं, "संपलं." आणि दोन मिनिटांच्या आत फ्रान्सच्या एम्बापेचे दोन गोल! बाबा हसायला लागले. 1990 चा हिशोब बत्तीस वर्षांनी चुकता झाला होता, आता माझं चुकलं होतं.

मग जादा वेळ, 3-3, आणि अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी समोर एकटा असताना अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय लांब करून अडवलेला तो चेंडू. मुक्काम_पोस्ट, तो क्षण तुमच्याकडून समजून घ्यायचाय. पेनल्ट्यांची वाट बघत असताना बाबांनी एकदम विचारलं, "त्या हिरव्या शर्टवाल्यांचं काय झालं रे?"

मला उत्तर माहीत होतं. दोनच आठवड्यांपूर्वी, 2 डिसेंबरला, कॅमेरूनने ब्राझीलला 1-0 हरवलं होतं. जादा मिनिटांत अबुबकरने हेडर मारला. आनंदाच्या भरात त्याने शर्ट काढला. आधीचं एक पिवळं होतं, आता दुसरं, म्हणजे लाल. पंचांनी आधी हसून त्याच्याशी हात मिळवला आणि मग कार्ड दाखवलं. तो हसतच बाहेर गेला. संघ साखळीतच बाद झाला, तरी ब्राझीलला हरवून बाद झाला.

बाबा म्हणाले, "म्हणजे अजूनही हेडर मारतात आणि अजूनही बाहेर जातात." मग डोळे मिटून बसले. मला वाटलं झोपले. पहिली पेनल्टी लागली तसे पुन्हा उठून बसले.

---

मुक्काम_पोस्ट

मार्टिनेझचा तो चेंडू थोडक्यात सांगतो. तो पुढे आला, पण पूर्ण खाली बसला नाही. बहुतेक गोलकीपर अशा वेळी लवकर झोपतात. हा हात-पाय पसरून शेवटपर्यंत उभा राहिला, म्हणजे समोरच्याला कोपरा निवडायला भाग पाडलं, आणि जमिनीलगतच्या कोपऱ्यात पाय आधीच पोहोचला होता. तिथे हात पोहोचलाच नसता. अनेक वर्षांच्या सरावाने येतं ते, त्यात नशीब जेमतेम चिमूटभर.

---

उल्का

कवडसा, एक विनंती. विश्वचषकाची वाट न बघता एकच क्लबचा सामना बघा. कोणताही. पहिली वीस मिनिटं चेंडूकडे बघूच नका. एका बगलेचा एकच बचावपटू निवडा आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघा. मग इथे येऊन लिहा. आणि मी टिटवींच्या रविवारच्या खेळाचा वेगळा धागा निघाला की त्यावर पहिला प्रतिसाद देणार आहे.

---

टिटवी

आज रात्री काढते.

---

कवडसा

उल्का, बघितला. काल रात्री. डाव्या बगलेचा एक पोरगा निवडला. चेंडू त्याच्याकडे नसतानाही तो सतत मान वळवून मागे बघत होता, हातवारे करून शेजारच्याला जागा दाखवत होता, दोन पावलं पुढे, तीन मागे. वीस मिनिटांत चेंडू त्याच्याकडे मोजून सात वेळा आला. एरवी मला तो दिसलाही नसता. 0-0 संपला आणि मला कंटाळा आला नाही.

मध्यंतरानंतर बाबा पाणी प्यायला उठले होते, तेही येऊन बसले. "कोणता देश आहे?" मी म्हटलं, "देश नाही बाबा, क्लब आहेत." त्यांनी थोडा वेळ दोन्ही शर्ट बघितले आणि विचारलं, "मग आपण कोणाकडून?"